सुख मोजायला शिकवलेला पोरगा विसाव्या वर्षी कोसळला, आणि सुखाचं गणितच बदललं

साल होतं १८२६. लंडनमध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या कचेरीत वीस वर्षांचा एक पोरगा कारकुनी करत होता.

तसं बघायला गेलं तर त्याचं सगळं बरं चाललेलं. नोकरी पक्की. वडील त्याच कचेरीत मोठ्या हुद्द्यावर. वयाच्या मानानं नावही झालेलं. मासिकांमध्ये लेख छापून यायचे, वादविवाद मंडळात तो बोलायला उभा राहिला की लोक कान देऊन ऐकायचे. आणि मुख्य म्हणजे आयुष्यात काय करायचं हे त्याला पक्कं ठाऊक होतं. जगातल्या जास्तीत जास्त लोकांना जास्तीत जास्त सुखी करायचं.

मग एके दिवशी त्यानं स्वतःलाच एक प्रश्न विचारला. समजा, तुला हवे असलेले सगळे बदल आत्ता, या क्षणी होऊन गेले. कायदे सुधारले, अन्याय संपला, लोक सुखी झाले. तर तुला स्वतःला आनंद होईल का?

आतून उत्तर आलं, नाही.

आणि तिथंच तो कोसळला. ज्याच्यासाठी जगायचं तेच मिळून आनंद होणार नसेल, तर मग जगायचं कशासाठी?

या पोराचं नाव जॉन स्टुअर्ट मिल. पुढं तो एकोणिसाव्या शतकातला इंग्लंडचा सगळ्यात गाजलेला विचारवंत झाला. पण त्याची गोष्ट समजून घ्यायची तर आधी त्याच्या वडिलांकडे जावं लागतं.

चांभाराचा मुलगा आणि त्याचा प्रयोग

वडील जेम्स मिल स्कॉटलंडचे. एका चांभाराच्या घरात जन्मलेले. हुशारीच्या जोरावर शिकले आणि १८०२ साली नशीब काढायला लंडनला आले. लिखाणावर घर चालवायचे. पुढं तीन खंडांमध्ये भारताचा इतिहास लिहिला, तो १८१७ साली छापून आला. विशेष म्हणजे हा माणूस भारतात कधी आलाच नव्हता. इथली एकही भाषा येत नव्हती. उलट न बघितल्यामुळेच आपल्याला निःपक्षपणे लिहिता आलं, असं त्यांचं म्हणणं होतं. त्या इतिहासात भारताबद्दल कितीतरी चुकीचं आणि तुच्छतेनं लिहिलंय, पण कंपनीचे साहेब भारतात येण्याआधी तेच पुस्तक वाचून यायचे. त्याच पुस्तकाच्या जोरावर १८१९ साली जेम्स मिल यांना कंपनीत नोकरी मिळाली.

जॉन हा त्यांच्या नऊ मुलांमधला थोरला. जन्म २० मे १८०६ चा.

वडिलांनी ठरवलं, पोराला शाळेत घालायचं नाही. घरीच शिकवायचं.

तिसऱ्या वर्षी ग्रीक सुरू झालं. वडील टेबलाच्या एका बाजूला भारताचा इतिहास लिहायचे, दुसऱ्या बाजूला पोरगं ग्रीक पुस्तक घेऊन बसायचं. तेव्हा ग्रीक शब्दांचे अर्थ लॅटिनमध्ये दिलेले शब्दकोश मिळायचे, आणि पोराला लॅटिन अजून येत नव्हतं. त्यामुळं प्रत्येक अडलेला शब्द तो वडिलांना विचारायचा. तापट स्वभावाचे वडील लिहिता लिहिता सांगायचे.

आठव्या वर्षी लॅटिन. बाराव्या वर्षी तर्कशास्त्र. तेराव्या वर्षी अर्थशास्त्र. शिवाय स्वतः जे शिकला ते धाकट्या भावंडांना शिकवायचं, आणि त्यांचा धडा कच्चा राहिला की बोलणी यानं खायची. सकाळी वडिलांबरोबर फिरायला जायचं, तर आदल्या दिवशी काय वाचलं ते चालता चालता सांगायचं. सुट्टी नाही. बरोबरीची मित्रमंडळी नाहीत. खेळ जवळपास नाहीतच.

मोठेपणी मिलनं आत्मचरित्र लिहिलं. त्यात वडिलांबद्दल पानंच्या पानं आहेत. छापलेल्या पुस्तकात आई मात्र शोधूनही सापडत नाही. त्या घराचा अंदाज यायला एवढं पुरे.

सुखाचा हिशेब मांडणारा म्हातारा

या सगळ्या खटाटोपामागं आणखी एक माणूस होता. जेरेमी बेंथम. जेम्स मिल यांचे मित्र आणि गुरू.

बेंथम यांचा सिद्धांत अगदी साधा होता. माणूस दोनच गोष्टींच्या हुकमावर चालतो, सुख आणि दुःख. म्हणून ज्यानं सुख वाढतं ते चांगलं आणि ज्यानं दुःख वाढतं ते वाईट. बाकी धर्म, परंपरा, घराणं, इभ्रत हे सगळं नंतर. १७८९ साली आलेल्या पुस्तकात त्यांनी सुख मोजायची रीतच सांगितली. सुख किती तीव्र आहे, किती वेळ टिकतं, मिळण्याची खात्री किती, किती लवकर मिळणार, त्यातून आणखी सुख निघेल का, त्यात दुःखाची भेसळ किती, आणि ते किती लोकांना मिळणार. सात प्रश्न. बेरीज-वजाबाकी करा आणि निर्णय घ्या.

आज ऐकताना हे गमतीशीर वाटेल. पण त्या काळात हा बॉम्बगोळा होता. कारण या हिशेबात राजाचं सुख आणि मोलकरणीचं सुख एकाच भावानं मोजलं जात होतं. किरकोळ चोरीसाठी फाशी देणारे कायदे, कोंडवाड्यासारखे तुरुंग, जनावरांचे हाल, या सगळ्याला बेंथम एकच प्रश्न विचारायचे. यातून दुःख किती वाढतं आणि कुणाचं भलं होतं?

पण या हिशेबात एक मेख होती. सुख हीच एकमेव चांगली गोष्ट असेल, तर ते कशातून आलं याला किंमत उरत नाही. टाचण्यांचा पोरखेळ आणि उत्तम कविता, दोन्हीतून सारखंच सुख मिळत असेल तर दोन्हींची किंमत सारखीच. बेंथम यांना हे मान्य होतं.

जॉननं पंधराव्या वर्षी बेंथमचे विचार नीट वाचले आणि तो भारावून गेला. आयुष्याला दिशा मिळाली. सतराव्या वर्षी, १८२३ साली, वडिलांच्या हाताखाली कंपनीत चिकटला. कचेरीतलं काम सांभाळून त्यानं बेंथम यांच्या विस्कळीत हस्तलिखितांमधून पाच खंडांचा ग्रंथ संपादित केला. वडिलांचा प्रयोग यशस्वी झाला होता. जगाचं सुख वाढवायला एक पोरगा तयार झाला होता.

आणि त्याच पोराला वर्षभरात कशातच सुख वाटेनासं झालं.

तो हिवाळा

१८२६-२७ चा तो हिवाळा मिलनं कसाबसा काढला. कचेरी सुटली नाही. लेखन सुटलं नाही. भाषणंसुद्धा चालू होती. सवय झालेली असल्यानं हात चालत होते, आत काहीच नव्हतं. बाहेरून बघणाऱ्याला काही कळलंही नसतं.

सांगणार कुणाला? वडिलांना सांगणं तर शक्यच नव्हतं. त्यांनी जे घडवलं तेच मोडलंय हे त्यांना सांगून त्यांना दुःख देण्यापलीकडं काय झालं असतं?

त्यानं स्वतःच कारण शोधलं. लहानपणापासून त्याला प्रत्येक गोष्ट सुटी करून तपासायला शिकवलं होतं. भावना आली की ती का आली, कशाशी जोडलेली आहे, हे लगेच उकलायचं. या सवयीनं बुद्धी धारदार झाली, पण भावना मुळापासून कुरतडली गेली. लोकांचं भलं व्हावं हे त्याला पटत होतं, वाटत मात्र नव्हतं.

काही महिन्यांनी एक साधी गोष्ट घडली. मार्मोंतेल नावाच्या फ्रेंच लेखकाच्या आठवणी तो वाचत होता. लेखक लहान असताना वडील वारतात, घरावर संकट येतं, आणि तो पोरगा ठरवतो की आता या घरासाठी मीच सगळं होईन. हे वाचता वाचता मिलच्या डोळ्यांतून पाणी आलं.

त्या पाण्यानंच त्याला आधार दिला. आपण दगड झालेलो नाही एवढं तरी कळलं.

पुढं १८२८ साली त्यानं वर्ड्सवर्थच्या कविता वाचल्या. डोंगर, तळी, साधी माणसं. त्यात त्याला असं सुख सापडलं ज्यासाठी कुणाशी स्पर्धा नव्हती आणि जे वाटल्यानं कमी होत नव्हतं. ज्या कवितेला बेंथम यांनी पोरखेळाच्या पंगतीला बसवलं होतं, तिनंच त्याला उठवून उभं केलं.

यातून मिलनं दोन गोष्टी गाठीला बांधल्या.

पहिली म्हणजे सुखाच्या मागं थेट धावलं की ते हाती लागत नाही. दुसऱ्याचं भलं, एखादं काम, एखादी कला, अशा कशाला तरी जीव लावायचा, सुख वाटेत आपोआप भेटतं. सुखी आहे का, असं स्वतःला सारखं विचारत बसलं की असलेलं सुखही उडून जातं.

दुसरी म्हणजे बुद्धीची मशागत करतात तशी भावनेचीही करावी लागते.

हॅरिएट

१८३० साली मिलची ओळख हॅरिएट टेलर या बाईंशी झाली. लग्न झालेल्या, मुलंबाळं असलेल्या, नवरा लंडनमधला खाऊनपिऊन सुखी व्यापारी. दोघांची मनं जुळली. लोकांनी नाकं मुरडली, घरच्यांनी तोंडं फिरवली. पण हॅरिएटनं नवरा असेपर्यंत त्याचं नाव सोडलं नाही. १८४९ साली तो वारला. त्यानंतरही दोघं थांबली आणि १८५१ साली त्यांनी लग्न केलं. म्हणजे ओळख झाल्यापासून तब्बल एकवीस वर्षांनी.

लग्नाआधी मिलनं एक कागद लिहून ठेवला. तेव्हाच्या कायद्यानं नवऱ्याला बायकोवर आणि तिच्या मालमत्तेवर जे हक्क मिळायचे, ते आपल्याला मान्य नाहीत, असं त्यात होतं.

मधल्या काळात बेंथम १८३२ साली गेले. त्यांच्या इच्छेप्रमाणं त्यांचं शरीर जपून ठेवलं गेलं, सांगाड्याला कपडे घालून आणि वर मेणाचं डोकं बसवून. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये ते आजही बघायला मिळतं. १८३६ साली वडील गेले. दोघंही गेल्यावर, १८३८ साली, मिलनं बेंथमवर मोठा लेख लिहिला. त्यात मान होता, ऋण होतं, पण एक तक्रारही होती. या माणसानं सुखाचा हिशेब मांडला, पण माणसाच्या मनाचा मोठा भाग त्याला कधी दिसलाच नाही.

डुक्कर व्हायला कोण तयार होईल?

बेंथमच्या विचारांवर विरोधकांचा आवडता टोमणा असा होता, की सुख हेच सगळं असेल तर हे डुकरांचं तत्त्वज्ञान झालं. पोट भरलं, चिखल मिळाला, आयुष्य सार्थकी लागलं.

मिलनं याला १८६१ साली एका मासिकात लेख लिहून उत्तर दिलं. १८६३ साली ते पुस्तक झालं. उपयुक्ततावादावरचं हे पुस्तक आजही जगभरच्या विद्यापीठांमध्ये शिकवलं जातं.

त्याचं उत्तर असं. हा टोमणा मारणाराच माणसाला डुक्कर समजतोय, कारण डुकराला जेवढं सुख कळतं तेवढंच माणसाला कळतं असं तो गृहीत धरतोय. सुख हेच अंतिम आहे हे खरं, पण सगळी सुखं एका पातळीवरची नसतात. फक्त किती हे बघून भागत नाही, कसलं हेही बघावं लागतं.

मग कुठलं सुख वरचं हे ठरवायचं कुणी? ज्यानं दोन्ही चाखली आहेत त्यानं. ज्याला खाण्यापिण्याचंही सुख माहीत आहे आणि विचार करण्याचं, संगीताचं, दुसऱ्यासाठी झिजण्याचंही माहीत आहे, त्याला विचारा. पोटभर चैन मिळेल पण बुद्धी जाईल, असा सौदा केला तर तो तयार होईल का? मिलचं म्हणणं, नाही होणार. शहाण्या माणसाला असमाधान जास्त असतं, तरीही मूर्ख होऊन समाधानी राहायला तो राजी नसतो.

मिलचं आणखी एक म्हणणं होतं. संगीत, तब्येत, चांगुलपणा या गोष्टी सुखाकडं जाण्याच्या नुसत्या पायऱ्या नाहीत. जीव लावल्यावर त्या सुखाचाच भाग होऊन जातात.

पण टीकाकारांनी लगेच बोट ठेवलं. दोन सुखं सारखीच गोड असून एक वरचं आणि एक खालचं असेल, तर त्याला वरचं बनवणारी गोष्ट सुखापेक्षा वेगळी असली पाहिजे. मग सुख ही एकमेव चांगली गोष्ट कशी? केंब्रिजच्या जी. ई. मूर यांनी १९०३ साली हाच मुद्दा जोरात मांडला. पुढं १९७४ साली अमेरिकेच्या रॉबर्ट नोझिक यांनी एक कल्पना मांडली. असं एक यंत्र आहे, ज्याला जोडून घेतलं की हवे ते सगळे अनुभव येतात. यश, प्रेम, कौतुक, सगळं अगदी खऱ्यासारखं, पण प्रत्यक्षात माणूस एका टाकीत पडून आहे. जन्मभरासाठी जोडून घ्याल का? नोझिक यांच्या मते घेऊ नये, कारण माणसाला नुसता अनुभव नको असतो, खरंच काहीतरी करायचं असतं, कुणीतरी व्हायचं असतं.

हा वाद आजही मिटलेला नाही. पण मिलनं स्वतः कसं जगून दाखवलं, तेही बघण्यासारखं आहे.

हरणारी लढाई

१८५८ साली कंपनीचा कारभार राणीच्या सरकारकडं गेला. पस्तीस वर्षांची नोकरी करून मिल निवृत्त झाला. आता हॅरिएटबरोबर निवांत राहायचं ठरलं. दोघं दक्षिणेकडं निघाली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये वाटेत फ्रान्समधल्या आव्हिन्यो शहरात हॅरिएट आजारी पडून वारली. सात वर्षांचा संसार संपला.

मिलनं तिच्या कबरीच्या जवळच एक घर घेतलं आणि पुढं वर्षातला बराच काळ तिथंच काढला. स्वातंत्र्यावरचं त्याचं गाजलेलं पुस्तक १८५९ साली आलं, ते त्यानं तिलाच अर्पण केलं.

१८६५ साली तो वेस्टमिन्स्टरमधून खासदार झाला. दुसऱ्याच वर्षी बायकांना मताधिकार द्या, असा सुमारे पंधराशे सह्यांचा अर्ज त्यानं संसदेत मांडला. १८६७ साली तर मतदानाच्या कायद्यातला पुरुष हा शब्द काढून व्यक्ती हा शब्द घाला, अशी दुरुस्ती सुचवली. सभागृहात हशा आणि टिंगल झाली. मतदानात बाजूनं ७३, विरोधात १९६. दुरुस्ती पडली. पुढच्या वर्षी मिलही निवडणुकीत पडला.

ब्रिटनमध्ये बायकांना पुरुषांच्या बरोबरीनं मताधिकार मिळाला १९२८ साली. तेव्हा मिलला जाऊन ५५ वर्षं झाली होती.

विसाव्या वर्षी त्याला वाटलं होतं, सगळं मिळालं तरी आनंद होणार नाही. साठाव्या वर्षी हातातून लढाई गेली, तरी तो कोसळला नाही. लिहीत राहिला, सभा घेत राहिला. १८६९ साली बायकांच्या गुलामगिरीविरुद्ध आख्खं पुस्तक काढलं. फुलंपानं गोळा करायचा नाद शेवटपर्यंत होता. मे १८७३ मध्ये आव्हिन्योजवळ असाच लांबवर भटकून आला, ताप भरला आणि ७ मे रोजी गेला. त्याला हॅरिएटच्या शेजारीच पुरलं.

आणि महाराष्ट्राचा संबंध?

पस्तीस वर्षं मिल लंडनमध्ये बसून भारताविषयीचे खलिते लिहीत होता. तोही वडिलांसारखाच इथं कधी आला नाही. स्वातंत्र्यावर एवढं लिहिणाऱ्या या माणसाला भारतासारखे देश अजून त्यासाठी तयार नाहीत असं वाटायचं. हा डाग त्याच्या नावावर आहे आणि तो पुसता येत नाही.

पण पुस्तकं लेखकाचं ऐकत नाहीत. तीच पुस्तकं पुण्या-मुंबईच्या कॉलेजांमधल्या पोरांनी वाचली. त्यातलेच एक गोपाळ गणेश आगरकर. मिल आणि स्पेन्सर यांच्या विचारांचा आगरकरांवर मोठा पगडा होता. घरची गरिबी एवढी की शिक्षणासाठी वणवण करावी लागली. एम. ए. झाल्यावर मोठ्या पगाराची नोकरी दारात चालून आली असती. त्यांनी आईला पत्र लिहून कळवलं, की त्या पगाराची आशा धरू नकोस, पोटापुरतं मिळवून बाकीचा वेळ मी लोकांसाठी देणार आहे. पुढं १८८८ साली 'सुधारक' काढला. बालविवाह, विधवांचे हाल, मुलींचं शिक्षण यावर असं लिहिलं की चिडलेल्या सनातन्यांनी ते जिवंत असताना त्यांची प्रेतयात्रा काढली. दम्यानं बेजार झालेले आगरकर १८९५ साली, चाळिशीच्या आत गेले.

बेंथमचे सात प्रश्न घेऊन आगरकरांच्या आयुष्याचा हिशेब मांडला, तर त्यांच्या स्वतःच्या वाट्याला आलेल्या सुखाची बेरीज फार मोठी येणार नाही. पण ते आयुष्य वाया गेलं असं म्हणायला कुणाचीही जीभ रेटणार नाही.

मिल असता तर म्हणाला असता, त्यांना वरच्या दर्जाचं सुख मिळालं. मूर म्हणाले असते, त्यांच्याकडं सुखापेक्षा वेगळंच काहीतरी होतं. दोघांपैकी कोण बरोबर, हे ज्यानं त्यानं आपापल्या आयुष्याकडं बघून ठरवायचं.